पुरवठादाराचा रकाना

माझ्या नोकरीत मत असायला बंदी आहे. पाच तज्ज्ञांना चार दिवस एका बिनखिडकीच्या खोलीत बसवायचं, त्यांच्यापुढे अर्ज ठेवायचे, भांडण फारच पेटलं तर कॉफी मागवायची आणि शेवटी एकमत झालं की सह्या घ्यायच्या. कोणता अर्ज सरस आणि कोणता भुक्कड, यावर मी अवाक्षर काढायचं नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही. मला एकच प्रश्न विचारायची मुभा आहे: "हे अर्जाच्या कुठल्या पानावर लिहिलंय?" कारण जे अर्जात नाही ते आमच्या लेखी जगातच नाही. तज्ज्ञाला बाहेरचं कितीही ठाऊक असो, ते त्यानं कोटाबरोबर दाराबाहेर टांगून आत यायचं.

हा नियम करणाऱ्यानं माझ्यासारखी बाई पाहिलेली नसावी. मला नसत्या चौकशांची खोड आहे. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, असं माझी बहीण म्हणते आणि ते खोटं नाही. ब्रसेल्सच्या आमच्या कार्यालयात एकवीस वर्षं मी या खोडीवर झाकण दाबून बसले होते. त्या मे महिन्यात ते उडालं.

विषय चुंबकांचा होता. पवनचक्की, विजेची गाडी, कानाचं यंत्र, सगळीकडे ताकदवान चुंबक लागतात आणि ते बनवायचा माल बहुतेक सगळा युरोपियन युनियनच्या बाहेरून येतो. उद्या कुणी तो अडवला तर काय, या विचारानं मंत्र्यांची झोप उडाली आणि 'सामरिक स्वायत्तता' हे शब्द आमच्या प्रत्येक कागदावर येऊन बसले. शब्द जड, अर्थ सोपा. दुसऱ्यानं नळ बंद केला तरी आपलं घर कोरडं पडू नये. त्यासाठी संशोधनाला अनुदान द्यायचं ठरलं आणि सहा अर्ज आले. प्रत्येकाला एक तक्ता भरायचा होता: कोणती वस्तू, पुरवठादार कोण, तो कुठला, आणि तळाशी आपलेपणाचा टक्का, म्हणजे किती माल युनियनमधला. तज्ज्ञ पाचपैकी गुण देणार. तीनच्या खाली गेला तो अर्ज बाद.

पहिल्या पाच अर्जांचे टक्के होते त्र्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, शहाण्णव आणि सत्त्याण्णव. सहाव्याचा एक्केचाळीस.

हा सहावा अर्ज बान्स्का श्टिआव्निकाहून आला होता, स्लोव्हाकियातल्या जुन्या खाणींच्या गावाहून. छोटीशी प्रयोगशाळा, अकरा माणसं. बाकीच्यांनी आपल्या प्रकल्पांना 'मॅग्नस', 'सॉव्हरिन' अशी भारदस्त नावं दिली होती. यांनी नाव दिलं होतं 'पेत्स'. त्यांच्या भाषेत पेत्स म्हणजे भट्टी. त्यांच्या एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'मिश्रधातू वितळवून त्याचे पातळ पापुद्रे पाडणं ही चुंबकाची पहिली पायरी. आमच्या माहितीप्रमाणे आज युनियनमध्ये हे काम कुणीही करत नाही. आम्हीही पापुद्रे बाहेरूनच आणतो. एकेकाळी ते आमच्या गावात पडत असत. तेव्हाचे दोन भट्टीवाले हयात आहेत, एक एकोणऐंशीचा, दुसरा चौऱ्याऐंशीचा. पहिलं वर्ष आम्ही त्यांच्या हाताखाली शिकू. पुढच्या फेरीपर्यंत थांबलो तर बहुधा शिकवायला कुणी उरणार नाही.'

पुढची फेरी दोन वर्षांनी होती.

"हा अर्ज आहे की कबुलीजबाब?" युरिको म्हणाला. युरिको लिस्बनचा प्राध्यापक. अहवाल लिहायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याला लवकर लिहून मोकळं व्हायची घाई असे.

"पहिलं वर्ष म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या आणि वर अनुदान घ्यायचं!" फिन्टन हसला. हा आयर्लंडचा, तीन कारखाने चालवून बसलेला. "मलाही द्या असलं काही. माझे आजोबा तर फुकट बोलतात. थांबवायचेच पैसे पडतात."

"गप्पा नाहीत त्या," बोगुमिला म्हणाली. पोलंडमधली ही निवृत्त धातुशास्त्रज्ञ खोलीतली सगळ्यांत वयस्कर, आणि सगळ्यांत कमी हसणारी. "भट्टीचं काम पुस्तकात वाचून येत नाही. तू भट्टीपुढे उभा राहिलायस कधी?"

"मी दोन भट्ट्या विकत घेतल्यात."

"तरीच."

पण तक्त्यात एक्केचाळीस लिहिलेलं होतं आणि त्यापुढे बोगुमिलाचंही फार चाललं नाही. स्वायत्ततेसाठीच्या अनुदानात सगळ्यांत कमी स्वायत्त अर्जाला पास कसं करायचं? उरलेल्या दोघांनी मान डोलावली. अडीच गुण. अर्ज बाद. सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला करायच्या ठरल्या.

मी कागद गोळा करत होते. तेवढ्यात माझी नजर इतर पाचांच्या तक्त्यांवरून फिरली आणि पापुद्र्यांच्या ओळीवर अडली. पाचही अर्जांत पुरवठादार एकच, अँटवर्पच्या बंदरातली एक कंपनी. आता हे कसं? एकतिसावं पान म्हणतं, युनियनमध्ये हे काम कुणीच करत नाही. पाच तक्ते म्हणतात, अँटवर्पला होतं. दोन्ही खरं असूच शकत नाही. इथून गाडीनं पाऊण तासावर असली भट्टी धगधगतेय आणि आयुष्य इथल्याच फ्लँडर्स भागात काढलेल्या मला पत्ता नाही? कँटीनमध्ये घेतलेलं तळलेलं क्रोकेट समोर निवत पडलं आणि माझं लक्ष लागेना.

कामकाज चालू असताना तज्ज्ञांनी बाहेर चौकशी करायला सक्त मनाई आहे. माझ्याबद्दल मात्र नियमात काही लिहिलेलं नाही, कारण असं कुणी करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पाचची गाडी पकडली.

बंदरातल्या त्या पत्त्यावर एक लांबलचक पत्र्याची शेड होती. ऊन अजून चांगलं वर होतं. आत उचलगाडीवर बसून एक आडदांड माणूस पिंपं रचत होता. त्याचं नाव सेप्पे. हे पुढच्या अर्ध्या मिनिटात त्यानं स्वतःच सांगितलं, शिवाय आज सुपरवायझर सुट्टीवर आहे हेही.

"काय हवंय, मेव्राऊ? फ्रीजला लावायचं चुंबक असेल तर दुकान गावात आहे." मेव्राऊ म्हणजे आमच्या फ्लेमिशमध्ये बाईसाहेब.

"काही नको. बघायला आलेय."

"बघायला?" त्याला मजा वाटली. "इथे नऊ वर्षांत बघायला कुणी आलं नाही. थांबा, कॉफी देतो."

त्यानं कपाबरोबर स्पेक्युलोसची दोन बिस्किटं पण दिली. मी विचारलं, "तुम्ही हे पापुद्रे इथेच पाडता ना?"

"इथे?" त्यानं मागे वळून सगळी शेड न्याहाळली, जणू एखादी भट्टी आपल्या नजरेतून सुटली असेल. "मेव्राऊ, इथे मला साधं सूप गरम करायची परवानगी नाही. या मालाला ठिणगी लागली की आपण दोघं थेट हॉलंडात."

"मग तुम्ही करता काय?"

"पिंपं येतात बोटीनं. माल पेटू नये म्हणून भरलेला आतला गॅस तपासतो. कमी असला तर भरतो. त्यांची चिठ्ठी काढतो, आपली लावतो. झालं."

"हे तर शुद्ध शेंडी लावणं झालं!"

"कुणाला?" त्याला खरोखरच राग आला. "बिलावर मागच्या बाजूला लिहिलेलं असतं माल कुठला ते. कुणी विचारलं तर सांगतो. तुम्ही विचारलंत, सांगितलं की नाही? पण विचारतंय कोण! तीन वर्षांपासून गिऱ्हाइकं इतकी वाढलीत की पिंपं ठेवायला जागा पुरेना, पण सगळ्यांना आमचा पत्ता हवा असतो. मालाचं कुणी विचारत नाही. ब्रसेल्समध्ये कुणा शहाण्यानं तक्ता काढलाय म्हणे, त्यात पत्ताच भरायचा असतो. देव त्याचं भलं करो, आमच्या तर पगारवाढी झाल्या."

मी उरलेलं बिस्किट खाली ठेवलं. तो शहाणा म्हणजे मी होते.

तक्ता मी आखला होता. मूळ मसुद्यात रकाना होता 'माल कुठे बनतो'. सत्तावीस देशांच्या प्रतिनिधींनी 'बनतो' या शब्दावर चौदा महिने काथ्याकूट केला. वितळतो तिथे बनतो, की दाबतात तिथे, की घासूनपुसून चकचकीत करतात तिथे? ज्याच्या देशात जे होत होतं, तेच म्हणजे बनणं, असं प्रत्येकाचं म्हणणं. शेवटी एका गुरुवारी मी सुचवलं, सरळ पुरवठादाराचा नोंदणीकृत पत्ता लिहू या, त्यावर वाद व्हायला जागाच नाही. सगळे हात एकदम वर गेले. कुणीतरी केक आणला. वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र आलं, ते मी आईला वाचून दाखवलं होतं.

परतीच्या गाडीत मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. पाच अर्जदारांनी फसवलं नव्हतं. मी विचारलं त्याचंच त्यांनी उत्तर दिलं होतं. श्टिआव्निकाच्या लोकांनी मात्र मी न विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, आणि उद्या दहा वाजता ते त्यासाठीच बाद होणार होते.

आता यातलं काय सांगता येईल? काहीच नाही. मी पाहिलेलं अर्जात नव्हतं. तोंड उघडलं असतं तर सगळी फेरीच रद्द झाली असती, सहाही अर्ज परत गेले असते, आणि चौऱ्याऐंशीच्या माणसाला दोन वर्षं थांबा म्हणावं लागलं असतं. माझ्याकडे तो एकच परवानगीचा प्रश्न होता.

सकाळी युरिको पेन काढून तयारच होता. मी म्हटलं, "सह्यांआधी एकदा तपासून घेऊ. पहिला अर्ज. तुमच्या अहवालात आहे, त्र्याण्णव टक्के माल युनियनमध्ये बनतो. कुठल्या पानावर?"

"तक्त्यात आहे की."

"तक्त्यात पुरवठादाराचा पत्ता आहे. तिथे माल बनतो, हे कुठल्या पानावर?"

युरिकोनं पानं उलटली. पुढे गेला, मागे आला. "तसं... लिहिलेलं नाही. पण उघड आहे."

"उघड आहे हे कुठल्या पानावर?"

फिन्टन फिस्सकन हसला. दुसऱ्या अर्जाला त्याचं हसू कमी झालं, तिसऱ्याला थांबलं, आणि चौथ्याला तो स्वतःच पानं चाळायला लागला. मी पाचही अर्जांना तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. कुणी म्हणू नये की लीवनं, म्हणजे मी, पंक्तिप्रपंच केला. पाचांपैकी एकाही अर्जात उत्तर नव्हतं. बोगुमिला चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होती.

"आणि सहाव्यात?" मग तिनंच विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं. "पान अठ्ठावीस ते चौतीस. प्रत्येक वस्तू कोण बनवतं, कुठे बनवतं, आणि काय कुणालाच बनवता येत नाही."

"पण टक्के एक्केचाळीसच आहेत ना, बाई!" युरिको कळवळून म्हणाला.

"ते एक्केचाळीस आहेत, एवढं तरी कळतं. बाकीच्यांचे शहाण्णव की शून्य, सांग तू मला. सांगता येतंय?"

युरिको घाईचा माणूस असला तरी लबाड नव्हता. त्यानं अहवालातला एक अख्खा परिच्छेद खोडला. "मला हे अजिबात आवडलेलं नाही," तो म्हणाला, "पण ही बरोबर बोलतेय."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत निकाल उलटला. पाचांचे गुण घसरले, तीन तर बादच झाले. पेत्सला साडेतीन. यादीत पहिला.

दारात बोगुमिलानं मला गाठलं. "काल संध्याकाळी होतीस कुठे?"

"बहिणीकडे."

"चुंबक विकते वाटतं बहीण," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

मला वाटलं, सुटले. पण आमच्याकडे पहिला येणं आणि करार होणं यांत बरीच दारं असतात. दोन आठवड्यांनी तिबोनं बोलावलं. तिबो म्हणजे आमचा साहेब, फ्रान्सच्या लिओंचा. मनाचा चांगला, आकड्यांचा भुकेला.

"लीव, एक बारीकशी अडचण आहे. आपल्या कार्यक्रमाची सरासरी त्र्याण्णव आहे. मंत्र्यांनी भाषणात सांगितलीय. आता त्यात हे एक्केचाळीसवाले घुसले. तू त्यांना फोन कर. म्हणावं, पापुद्रे थेट बाहेरून मागवू नका, अँटवर्पमार्फत घ्या. रकान्यातला पत्ता बदलेल, टक्के होतील चौऱ्याण्णव. माल तोच, काम तेच. कुणाचं काय जातंय?"

"आणि पहिल्या वर्षाचं शिकणं?"

"ते काढावं लागेल. जे युनियनमध्ये मिळतंय, ते शिकायला आपण अनुदान देऊ शकत नाही. नियमच आहे." त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. एकतिसावं पान त्यानं वाचलेलं नव्हतं.

"नाही म्हणाले तर?"

"मग करार लांबेल. पुढच्या फेरीत बघता येईल."

मी फोन लावला. प्रयोगशाळेच्या प्रमुख राडोस्लावा ह्रोन्स्का. आवाज तरुण, मागे कसलीतरी खडखड चाललेली. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. मला त्याचा वीट आला होता, पण सांगितला.

"थांबा हं," ती म्हणाली. "म्हणजे तेच पिंप?"

"तेच."

"तेच पापुद्रे. फक्त आधी तुमच्याकडे फिरून येणार."

"हो."

"आणि मग आम्ही स्वायत्त?"

"चौऱ्याण्णव टक्के."

ती इतकी हसली की मागची खडखड थांबली. बहुधा कुणीतरी बघायला आलं असावं. मग ती गंभीर झाली. "आणि गेइझाकाकांना मी काय सांगू? चौऱ्याऐंशीचे आहेत. आठवड्यातून दोनदा येऊन विचारतात, भट्टी कधी लावायची. त्यांना सांगू, तुमचं काम अँटवर्पला चिठ्ठी चिकटवणारा माणूस करतो?" तिनं स्वतःच उत्तर दिलं. "नाही जमायचं, बाई. तुम्ही वाईट मानू नका. अनुदान नाही तर नाही. खोटं चौऱ्याण्णव घेतलं, तर शिकायचं कारणच संपतं."

नेमकं हेच मला दोन आठवडे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. फोन ठेवला आणि मी टिपण लिहायला बसले. तज्ज्ञांच्या सह्या होऊन गेल्या होत्या, आता त्यानं फेरी रद्द होणार नव्हती. पुरवठादाराचा रकाना चुकीचा आहे. तो माल मोजत नाही, पत्ते मोजतो. अँटवर्पच्या शेडमध्ये काय चालतं ते मी अमुक तारखेला स्वतः पाहिलं. तक्ता मीच आखलेला आहे. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि टिपण दफ्तरात रीतसर नोंदवलं, म्हणजे कुणाला ते हरवता येऊ नये.

आमच्याकडे नोंदवलेल्या कागदाला फार मान असतो. एकदा पापुद्रे युनियनमध्ये बनत नाहीत असं दफ्तरात आलं की ते मिळतात असं कुणाला म्हणता येईना, आणि तोच नियम उलटा फिरून गेइझाकाकांच्या बाजूला उभा राहिला. करार जुलैत झाला. कार्यक्रमाची सरासरी नव्यानं काढली तेव्हा ती अडतीस भरली. एका वर्षात निम्म्याहून जास्त स्वायत्तता गेली कुठे, असं वरून विचारणारी तीन पत्रं आली. तिबो माझ्याशी शरद ऋतूपर्यंत बोलला नाही. कामकाज चालवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

कराराची बातमी द्यायला मी राडोस्लावाला पुन्हा फोन केला. ती ओरडलीच. तिकडे कुणीतरी पातेलं वाजवत असल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं, तिचा आनंद जरा खाली बसल्यावर, मी म्हटलं, "एक सांगायचं राहिलंय. तो पुरवठादाराचा रकाना मी आखला होता."

"तुम्ही?" ती थबकली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवेल. "अहो, त्या रकान्यापायी आमच्या घरात तीन दिवस धुसफूस चालली होती! नवरा म्हणे, सगळे पत्ता टाकतात, तूही टाक आणि झोप. मी म्हटलं, असं कसं? एवढ्या लांबून कुणीतरी विचारतंय, तर त्या माणसाला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं असणार."

तो रकाना आखला तेव्हा मला काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. मला सत्तावीस सह्या हव्या होत्या. एवढं मात्र मी तिला सांगू शकले नाही.